पाचव्या दिवसाचा पहारा

हिवरटाकळीच्या सप्ताहाचं यंदा पंचाहत्तरावं वर्ष होतं, आणि त्यातला जेवढा आवाज कुणी ना कुणी धरून ठेवला होता तेवढा सगळा एका युरियाच्या पोत्यात मावला होता. भागवतने ते पोतं सिद्धोधनच्या स्टुडिओत आणून खुर्चीवर ठेवलं आणि स्वतः उभा राहिला.

“मोजून घे, सिद्धा. एक स्पूल, एकेचाळीस कॅसेटी, सहा सीड्या. मोबाइलवरलं पाठवून दिलंय.”

“देवाचं भजन अन् युरियाच्या पोत्यात?”

“बायकोनं दोनदा धुतलंय पोतं. वास घे पाहिजे तर.”

“तरी म्हनलं यंदा युरिया मिळंना कुठं. तुमी पोत्यात भजन भरायलाव.”

भागवत हसला. दोघे एकाच गावचे, दहावीपर्यंत एका बाकावर बसलेले. भागवत तिथेच शाळेवर मास्तर झाला. सिद्धोधन परभणीला आला आणि दोन भाड्याच्या खोल्यांत टिकला, पुढे स्टुडिओ आणि मागे संसार. वर्षभर तो भीमजयंतीची गाणी ध्वनिमुद्रित करी, निवडणुकीत घोषणा करी, आणि उरलेल्या वेळात लोकांच्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवी. चालू स्थितीतलं स्पूलचं यंत्र असलेला त्याच्या माहितीत जिल्ह्यात तो एकटाच. भागवत त्याच्याकडे आला यात नवल काही नव्हतं.

काम सरळ होतं. एकाहत्तर सालच्या स्पूलपासून मागच्या वर्षीच्या मोबाइलपर्यंत प्रत्येक काळातलं थोडं थोडं भजन निवडायचं, साफ करायचं आणि तासाभराचं एक करून द्यायचं. बारा दिवसांची मुदत. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी ते भोंग्यावर लागणार होतं.

मग भागवतने शर्टाच्या खिशातून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट काढली. तिच्या डबीला हळद-कुंकू लावलेलं होतं.

“ही पोत्यात टाकली न्हाई. ब्याण्णवची. ही पाचव्या दिवशी दुपारी दोनला लावायची, अख्खी. मनकर्णाआक्काचा आवाज एकदम कानापाशी आला पाहिजे. अन् सरजाकाकूला सांग, त्या दिवशी स्टेजवर यायचंय. आबा म्हनले, त्येंच्याशिवाय कार्यक्रमच न्हाई.”

आबा म्हणजे भागवतचे वडील, दिनकरराव. सरजाकाकू म्हणजे सिद्धोधनची आई. गावात ती धाकट्या मुलाजवळ, बालाजीजवळ राहायची, पण त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी परभणीला आली होती आणि डोळ्याला पट्टी लावून मागच्या खोलीत झोपली होती.

“सांगतो,” सिद्धोधन म्हणाला.

सप्ताह सगळीकडे होतात. सात दिवस नामाचा गजर तुटू द्यायचा नसतो. दोन दोन तासांचे पहारे लावलेले असतात. पहाऱ्यातला एकजण वीणा गळ्यात घालून उभा राहतो, बाकीचे टाळ धरतात, आणि पुढच्या माणसाने हातात घेतल्याशिवाय वीणा उतरत नाही. हिवरटाकळीचा यावर स्वतःचा एक नियम होता. सात दिवस भोंगाही बंद करायचा नाही. चैत्रात लोक रानात असतात, त्यांच्या कानावर गजर पडत राहिला की तेही सप्ताहात धरले जातात, असं जुन्या लोकांनी ठरवलं होतं. भोंगा थांबला म्हणजे खंड पडला. त्यामुळे अख्खं शिवार सात दिवस एका कानाने देवळात असे.

ब्याण्णव साली पाचव्या दिवशी, दुपारच्या दोन ते चारच्या पहाऱ्यात, चमत्कार झाला होता. मनकर्णाआक्का ही पुरुषांच्या मंडळात खांबाला टेकून बसणारी एकटी बाई. तरुणपणी विधवा झालेली, आवाज असा की एकोणीस पुरुषांच्या वरून तारेसारखा निघून जाई. त्या वर्षी पौषात ती वारली. आणि चैत्रात, त्या दुपारी, रानातल्या माणसांना भोंग्यातून तिचा आवाज ऐकू आला. एकदोघांना नव्हे, शिवारातल्या सगळ्यांना, चांगला दीड तास. पहाऱ्यावरच्या माणसांनी शपथेवर सांगितलं, आम्ही गात होतो आणि आक्का आमच्यात गात होती. देवळासमोर राहणारे योगीराज गुरुजी दरवर्षी ओसरीवर टेप ठेवून भोंग्याचं भजन भरून घेत. त्यांच्या टेपमध्ये ते सापडलं. तीच ही कॅसेट. पुढे आक्काच्या नावाचा ओटा झाला, पाचव्या दिवशी नारळ फुटू लागले.

या चमत्काराची सगळ्यात मोठी साक्षीदार सरजाबाई होती. “बौद्धाच्या बाईनं ऐकलंय, तिला काय देवाचं कौतुक?” असं म्हणून गाव पाहुण्यांना पटवून देई. मंडळाने तिला कैकदा लुगडं देऊ केलं. तिने एकदाही घेतलं नाही. “देवाचं मला ठावं न्हाई. ऐकलं ते ऐकलं,” एवढंच ती म्हणे.

त्याच दुपारी तिचा नवरा मेला होता.

दत्तराव गायरानातली तीन एकर कसत होता. त्याच्यासारखी अकरा घरं होती, पण अर्ज त्याच्या नावाने, तहसिलात चकरा त्याच्या. संध्याकाळी तो गायरानाच्या कडेच्या कोरड्या विहिरीत डोकं फुटलेला सापडला. जमादाराने विचारपूस केली. गावातली माणसं त्या वेळी कुठे होती? सप्ताहात. सगळी? सगळी, भोंगा चालू होता, ऐकलं नाही कुणी? मग त्याने सरजाबाईला विचारलं. तिने जबानीत तेच सांगितलं: दोनपासून चार वाजेस्तोवर गजर मोडला नाही. पाय घसरून पडला, असं लिहून कागद मिटला. सिद्धोधन तेव्हा आठ वर्षांचा होता.

पहिले तीन दिवस त्याने कामाकडे काम म्हणूनच पाहिलं. एकाहत्तरचं स्पूल त्याला सगळ्यात आवडलं. माइक एकच, तोही लांब ठेवलेला. बावीस-तेवीस माणसं एका दमात श्वास घेतायत आणि एका दमात सोडतायत, मधे फक्त टाळ. चौऱ्याऐंशीत पेटी आली आणि चाल उडती झाली. दोन हजार तीनमध्ये सिंथेसायझर. अकराच्या सीडीत सिनेमाच्या वळणाच्या चाली, प्रत्येक ओळीवर घुमारा. मागच्या वर्षीच्या मोबाइलवर सात माणसं होती आणि त्यांच्या मागे विकत आणलेला ट्रॅक वाजत होता.

“दिवसभर टाळ अन् संध्याकाळी भीमगीतं,” नीलम, त्याची बायको, जिल्हा परिषदेतून घरी आल्यावर म्हणाली. “शेजारीण विचारायली, तुमचा धर्म नेमका कोणता हाय म्हनून.”

“सांग की, डिजिटल.”

चौथ्या दिवशी त्याने पिवळ्या फडक्यातली कॅसेट लावली. ध्वनी वाईट होता. ओसरीवरच्या चिमण्या, बैलाच्या गळ्यातली घंटा, वारा, आणि या सगळ्यापलीकडे भोंगा. भोंग्यात पुरुषांचा गजर आणि वरती तो आवाज. सिद्धोधनने तो लगेच ओळखला. लहानपणी ऐकलेला आवाज माणूस विसरत नाही.

अशा गोंगाटातून एक आवाज वर काढायचा तर त्याच आवाजाचा स्वच्छ नमुना जवळ असावा लागतो. नेमकं काय ठेवायचं ते त्यावरून यंत्राला कळतं. म्हणून त्याने आक्काच्या हयातीतलं काही आहे का ते पोत्यात शोधलं. तळाला बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला, त्यात मंडळाने थेट अँप्लिफायरवरून भरलेल्या कॅसेटी होत्या. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं: ‘९१, दिवस ३’. ती एकदम स्वच्छ होती. त्याने ती उतरवली आणि दोन्ही ध्वनी पडद्यावर वर-खाली लावले.

ब्याण्णवचा आवाज किंचित जड होता, जेमतेम अर्ध्या सुराने खाली. गावातही तसंच म्हणत, मेल्यावर आक्काचा आवाज जड झाला होता. सिद्धोधनला कारण ठाऊक होतं. कुठला तरी टेप सावकाश चालला की असं होतं. त्याने वेग सारखा केला.

दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या.

आधी त्याला वाटलं, आपणच चुकून एकच ध्वनी दोनदा घेतला. तपासलं. चूक नव्हती. एकात चिमण्या होत्या, दुसऱ्यात नव्हत्या. गजर तोच असतो, चाल तीच असते, माणसंही तीच. जुळणारच थोडंफार, असं म्हणून तो पुढे सरकला. बाराव्या मिनिटाला एक्याण्णवमध्ये कुणीतरी तीनदा खोकलं. ब्याण्णवमध्ये बाराव्या मिनिटाला कुणीतरी तीनदा खोकलं.

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापतात, तिच्याने घुमारा येतो. कणीक वाळून सुटली की ते अंग पत्र्यासारखं वाजतं, आणि वाजवणाऱ्याला थांबून ती पुन्हा थापावी लागते. एक्याण्णवच्या कॅसेटमध्ये एकतिसाव्या मिनिटाला कणीक सुटली होती. दोन मात्रा पोकळ वाजल्या, मग पाच मात्रा पखवाज गप्प, नुसते टाळ, मग पुन्हा घुमारा. सिद्धोधनने ब्याण्णवचं एकतिसावं मिनिट काढलं. दोन मात्रा पोकळ. पाच मात्रा गप्प.

खोकला एखाद्याला दोन वर्षं येऊ शकतो. कणीक दोन वर्षं त्याच मात्रेला सुटत नाही.

त्याने स्पीकर बंद केला, हेडफोन घातले आणि पुढचं ऐकलं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला गजर अर्ध्या शब्दावर तुटला. ही जागा गावाला पाठ होती. “आक्कानं दम घेतला,” असं सांगून लोक हात जोडत. एक्याण्णवच्या कॅसेटची पहिली बाजू बरोबर त्याच अर्ध्या शब्दावर संपत होती. ब्याण्णवमध्ये त्यानंतर अकरा सेकंद होते. त्याने ते अकरा सेकंद वर काढले, चिमण्या खाली दाबल्या. भोंग्यातून खट्ट असा आवाज आला. मग कॅसेट डबीत आपटल्याचा. आणि त्या दोन्हींच्या मधे, हात हलल्यासारख्या, काचेच्या बांगड्या. पुन्हा खट्ट, आणि दुसरी बाजू सुरू झाली.

गाव म्हणायचं, त्या बांगड्या आक्काच्या. आक्का विधवा होती, तिचे हात जन्मभर उघडे होते.

सिद्धोधनने हेडफोन काढले. भोंगा बंद करायचा नाही हा नियम, म्हणून माइकसमोर टेप ठेवून कॅसेट लावली. घाईत हाताला मागच्या वर्षीची लागली, आणि तिच्यात आक्का आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती उलटायला देवळात एका बाईला बसवलं. याचा अर्थ कॅसेट उलटण्यापुरताही एक गडी तिथे उरला नव्हता. पहाऱ्याच्या यादीत एकोणीस नावं होती. पहिलं नाव वीणेकऱ्याचं, दिनकररावांचं.

मागच्या खोलीतून सरजाबाईने हाक मारली, “सिदा, बंद का केलंस? चांगलं लागलं होतं की.”

“यंत्र तापलंय, माय,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दिनकरराव आले. एकटे, एस्टीने. वय ऐंशीच्या पुढे, स्वच्छ धोतर, हातात काठी. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर जोडून काढल्या. सिद्धोधनने खुर्ची पुढे केली. आवाज ऐकून सरजाबाई भिंतीला हात लावत बाहेर आली.

“कोण, दिनकरराव काय?”

“व्हय. डोळा कसा हाय, सरजाबाई?”

“परवा पट्टी निघायची. लाल लाल दिसायलंय आतून.”

“निघंल. समदं साफ दिसंल मग.” दिनकरराव काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. “बालाजीच्या गायरानाचा कागद मीच लावून धरलाय, बरं का. ह्या म्हैन्यात व्हतंय. त्येला म्हनलं, घाई करू नको, तुझ्या बापानं घाई केली.”

“तुमचे उपकार हायेत,” सरजाबाई म्हणाली आणि चहाचं सांगायला आत गेली.

ती गेल्यावर ते काही वेळ यंत्रांकडे बघत राहिले. पडदा बंद होता.

“भागवतनं एक डबा जास्तीचा आनलाय. बिस्किटाचा. त्येचं काम न्हाई. दे.”

सिद्धोधनने डबा काढून दिला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. बोटाने एकेक कॅसेट मागे सारली आणि एकीपाशी थांबले.

“हे उतरवून घेतलंस का?”

“न्हाई, काका. वेळच मिळाला न्हाई.”

“बरं. अन् ब्याण्णवची लय साफ करू नको. जुनं हाय तसं बरं असतं. लय साफ केलं की मानसाला नको ते ऐकू येतं.”

“भागवत तर म्हनला होता...”

“भागवतला काय कळतंय. त्यो तवा आज्ज्याच्या घरी होता.” त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग मान वर करून सिद्धोधनच्या तोंडाकडे पाहिलं, एखाद्या बैलाचे दात बघावेत तसं, निवांत. “दत्तरावला खोटं बोलता येत न्हवतं. लय साधा मानूस. तुला येतंय का, म्हनून बगायलोय.”

चहा आला. त्यांनी बशीत ओतून पूर्ण प्यायला. आजवर या घरचा चहा त्यांनी कधी घेतला नव्हता. जाताना दारात वळून म्हणाले, “सरजाबाई, पाचव्या दिवशी गाडी पाठवतो. चार शब्द बोला. माजं सरत आलंय आता, पुन्ना ऐकायला मिळायचं न्हाई.”

त्यांच्या काठीचा आवाज रस्त्यावर गेला. मग नीलम आतून आली. ती रजेवर होती आणि दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं.

“त्यो मानूस चहा का पिला?” तिने विचारलं.

रात्री सासू झोपल्यावर त्याने तिला सांगितलं. नीलम शांत डोक्याची बाई. तिने आधी विचारलं, कॉपी कुठे कुठे आहे. मग म्हणाली, “मायला सांगू नका. तेहतीस वर्षं ती एका गोष्टीवर उभी हाय, की मी खरं बोलले. ते काढून घेतलंव तर खाली काय राहील? अन् तिकडं बालाजीभावजी हायेत, दोन लेकरं हायेत.”

सिद्धोधनला तिचं पटलं. दोन दिवस पटलेलं राहिलं. पट्टी निघाली, सरजाबाई काळा चष्मा लावून घरभर हिंडू लागली, कॅलेंडरवरचे आकडे वाचून दाखवू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंक उघडून बसली होती. पांढऱ्या साडीची घडी मांडीवर ठेवून तिने विचारलं, “ही बरी दिसंल का रे स्टेजवर? चार शब्द काय बोलायचे? ‘मी ऐकलं,’ एवढंच सांगन म्हनते. लांबवत न्हाई.”

ती पुन्हा एकदा, भोंग्यावरून, साऱ्या शिवाराला सांगणार होती की त्या दुपारी गजर मोडला नव्हता. आणि दिनकरराव समोर खुर्चीवर बसून ऐकणार होते.

“माय,” सिद्धोधन म्हणाला, “इकडं ये. बस जरा.”

त्याने तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. आधी एक्याण्णवचं लावलं, मग ब्याण्णवचं, मग दोन्ही एकत्र. कणकेची जागा तीनदा ऐकवली. कॅसेट उलटण्याचे अकरा सेकंद ऐकवले. मग सांगितलं. सरजाबाई शिकलेली नव्हती, पण तिला समजायला वेळ लागला नाही. तिने एकच विचारलं.

“कितीक वेळ वाजली ही कॅसेट?”

“दीड तास.”

ती बोटं मोजल्यासारखी हलवत राहिली.

“मी निघाले होते,” ती म्हणाली. “भाकर घेऊन. सकाळीच कुनी तरी म्हनलं होतं, दत्तरावला सांग आज रानात थांबू नको. म्हनून जीव लागंना. बांधापस्तोर गेले. तर भोंग्यात गजर चालला होता, जोरात. मला वाटलं, समदे गडी देवळात हायेत. आता त्येला कोन काय करतंय.” तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “मग लिंबाखाली बसले. आक्काचा आवाज आला. म्हनलं ऐकावं जरा. भाकर मांडीवर तशीच.”

नीलम दारात उभी होती. तिने पुढे येऊन सासूच्या पाठीवर हात ठेवला. सरजाबाईने तो हात हलकेच बाजूला केला. रागाने नव्हे, तिला विचार करायचा होता.

“जमादाराला मी खरं सांगितलं होतं,” ती थोड्या वेळाने म्हणाली.

“व्हय, माय. तुजं काय चुकलं न्हाई.”

“चुकलं म्हनत न्हाई मी. अर्धं सांगितलं. गजर व्हता. गात कुनी न्हवतं, हे राहिलं सांगायचं.” ती उठली आणि साडी पुन्हा ट्रंकेत ठेवली. “जबानी बदलायची असंल तर कुठं जावं लागतं?”

सिद्धोधनने दोन कामं लगेच केली. दोन्ही ध्वनी चार ठिकाणी ठेवले, त्यातला एक संच नांदेडच्या वकील मित्राकडे. मग बालाजीला फोन करून सगळं सांगितलं आणि बायकोलेकरांना चुडाव्याला सुकेशनीकडे, दोघा भावांच्या बहिणीकडे, सोडून यायला सांगितलं. बालाजीने ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, “सोडतो. पर मी हितंच राहीन. घर मोकळं दिसलं की त्येंला लय बरं.” सरजाबाईचंही तेच म्हणणं होतं. अर्ज देऊन ती परभणीला परतणार नव्हती, घरीच जाणार होती.

“चार दिवस थांब की इथं,” सिद्धोधन म्हणाला.

“तेहतीस वर्षं थांबले.”

तालुक्याच्या ठाण्यात गर्दी नव्हती. टेबलामागचा हवालदार वयाने लहान होता, ब्याण्णव साली जन्मलाही नसावा. त्याने अर्ज वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि मग सरजाबाईकडे पाहिलं.

“आजी, इतक्या वर्षांनी काय बदल करायचाय तुम्हाला?”

“बदल न्हाई. पुढचं सांगायचंय. लिव्ह. त्या दुपारी देवळात एकबी गडी न्हवता. भोंग्यात पेटी वाजत व्हती. टेपची पेटी.”

“तुम्ही पाहिलं का देवळात?”

“पाहिलं न्हाई. तवाबी पाहिलं न्हवतं, ऐकलंच व्हतं. तवा चाललं की तुमाला.”

हवालदाराने पेन थांबवलं. मग त्याने ते शब्द तिने सांगितले तसेच लिहिले, वाचून दाखवले, अंगठ्याऐवजी तिने सही केली. प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकलेली, पाच अक्षरांची, सावकाश. पेनड्राइव्ह पाकिटात घालून लाखेने बंद झाला. प्रतीवर आवक शिक्का बसला. साहेब आले की बोलावतील, असं सांगितलं गेलं.

बाहेर पडताना सिद्धोधनला व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला माणूस दिसला. हिवरटाकळीचा जीवन, दिनकररावांच्या चुलतभावाचा नातू. चारित्र्याच्या दाखल्यासाठी आला असावा, हातात तसे कागद होते. दार उघडंच होतं आणि सरजाबाईचा आवाज पहिल्यापासून खणखणीत. जीवनने उठून नमस्कार केला.

“काय काकू, इकडं कुनीकडं?”

“कामानं,” सरजाबाई म्हणाली.

बसस्थानक दहा मिनिटांवर होतं. त्यांनी उसाचा रस घेतला. सरजाबाईने चष्मा काढून फलाटावरच्या पाट्या वाचल्या, नव्या डोळ्याने, एकेक गाव मोठ्याने. सिद्धोधनचा फोन वाजला. भागवत होता.

“सिद्धा, काकू तुझ्यासंगंच हायेत का?” त्याचा आवाज नेहमीसारखाच मोकळा होता. त्याला काही ठाऊक नव्हतं, हे सिद्धोधनला त्या आवाजावरून कळलं. आवाज ओळखणं हाच त्याचा धंदा होता. “आबा माझ्या शेजारीच बसल्यात. त्येंला आताच कुनाचा तरी फोन आलता. विचारायलेत, काकू कुठल्या गाडीनं यायल्यात?”

सिद्धोधनने फोनवर हात धरला.

“कोन हाय?” सरजाबाईने विचारलं.

“भागवत. दिनकरराव विचारायलेत, तू कुठल्या गाडीनं येणार म्हनून.”

तिने रसाचा ग्लास खाली ठेवला. शिक्क्याचा कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत खोचला आणि पिशवीची नाडी ओढली.

“साडेचारच्या म्हनून सांग.”

साडेचारची गाडी लागलीच होती. दाराशी जीवन उभा होता. त्याने बाजूला होऊन सरजाबाईला आधी चढू दिलं, सिद्धोधनलाही चढू दिलं, आणि मग तो चढला.